बहात्तरावं डोकं

ईश्वरप्पा कलशेट्टी सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या देवळात गेले की एक चप्पल एका दाराशी काढायचे आणि दुसरी पलीकडच्या दाराशी. सुटी चप्पल कोण चोरणार, असा त्यांचा हिशोब. दर्शन झालं की एक पाय चपलेत आणि एक पाय तापलेल्या फरशीवर, अशी स्वारी दुसऱ्या दाराकडे निघायची. लोक हसायचे. हसू देत की! घरात शेंगतेलाच्या डब्यावर त्यांच्या हातच्या पेन्सिलीच्या रेघा होत्या, गॅसच्या टाकीवर खडूने तारीख होती, आणि दूधवाला आला की हे आधी त्याच्या डोळ्यांत बघायचे, मग दुधात. नागम्मानं या माणसाबरोबर चौतीस वर्षं संसार केला. सरकार कुणाकुणाला पदकं देतं, पण या बाईला कुणी साधं विचारलंसुद्धा नाही.

आता सगळा दोष त्यांच्या स्वभावाचाच होता असंही नाही. एस.टी.त तीस वर्षं नोकरी, त्यातली बावीस मार्ग तपासणीत. म्हणजे काय, तर वळणावरच्या बाभळीमागं उभं राहायचं, गाडी जवळ आली की एकदम पुढं येऊन हात करायचा आणि आत चढून डोकी मोजायची. कंडक्टरनं तिकिटं किती फाडली आणि आत माणसं किती बसली, हे दोन आकडे जुळले तर रामराम. नाही जुळले तर कंडक्टर मेला. ईश्वरप्पांचे नियम ठरलेले होते. मोजणी मागच्या बाकड्यापासून करायची, कारण दडणारा माणूस मागं दडतो. तिकीट नंतर बघायचं, आधी माणूस बघायचा. ज्याच्याकडे तिकीट नसतं तो खिडकीबाहेर फार मन लावून बघतो. अक्कलकोटपासून बार्शीपर्यंतचे कंडक्टर त्यांना पाठीमागं ‘बाभळीचं भूत’ म्हणायचे. त्यांना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आतून आवडायचंही.

पण बाभळीमागची ही सवय घरात शिरली आणि तिथं बिघडलं. महेश्वरी ही त्यांची एकुलती एक मुलगी. ती कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती तेव्हा एकदा हे गुपचूप तिच्या मागोमाग कॅन्टीनपर्यंत गेले. ती तीन पोरांबरोबर आणि दोन पोरींबरोबर वडापाव खात होती. ईश्वरप्पांनी तिन्ही पोरांची ओळखपत्रं मागितली, नावं वहीत लिहून घेतली आणि घरी आले. पुढचे चार महिने पोरगी बापाशी बोलली नाही. मीठ हवं असलं तरी आईला, म्हणजे अव्वाला सांगायची, आणि अव्वा ह्यांना. चार महिन्यांनी बोलली तेव्हा एकदाच बोलली, आणि आवाज न चढवता बोलली. “अप्पा, परत कधी माझ्या मागं आलात तर मी हे गाव सोडीन. गड्ड्याच्या जत्रेलासुद्धा येणार नाही.” पोरगी त्यांचीच होती. बोलली म्हणजे करणार.

आता ती पंचवीस वर्षांची. एका कान तपासणीच्या दवाखान्यात काम करायची, बहिऱ्या माणसांना यंत्र बसवून द्यायची. तिचं काम चांगलं म्हणून पुण्याच्या एका मोठ्या दवाखान्यानं तिला बोलावणं धाडलं होतं. ते पत्र कपाटात पडून होतं. महिनाअखेरपर्यंत काय ते कळवायचं होतं आणि पोरीचं ठरत नव्हतं. ईश्वरप्पा रोज कपाटासमोरून जायचे, पण पत्राला हात लावायचे नाहीत. त्या एका कागदात त्यांचं म्हातारपण बंद होतं हे त्यांना कळत होतं. ती गेली की घरात उरणार कोण, तर तेलाच्या रेघा मोजणारे हे आणि त्या रेघांकडे बघून कपाळाला हात लावणारी नागम्मा.

आणि नेमकं तेव्हाच ते कार्ड सापडलं.

महेश्वरीच्या ओढणीतून पडलं होतं. जाड पुठ्ठ्याचा बोटभर तुकडा, त्यावर काही लिहिलेलं नाही, नुसती दोन भोकं. दुसऱ्या कुणी केरात टाकलं असतं. ईश्वरप्पांनी ते उजेडात धरलं. ही भोकं एस.टी.च्या पंचाची! मशीनची तिकिटं यायच्या आधी कंडक्टरच्या हातात जो चिमटा असायचा ना, टिकटिक करणारा, त्याची. असली हजारो भोकं त्यांनी भिंगाखाली बघितली होती. तो पंच बंद होऊन पंधरा वर्षं झाली, मग त्याचं भोक यांच्या पोरीच्या ओढणीत आलं कुठून?

एकदा पाल चुकचुकली की ईश्वरप्पांना भिंत न् भिंत दिसायला लागायची. महिन्याच्या शेवटच्या रविवारी पोरगी दुपारी एकला स्कूटीवर जाते आणि सातला येते. विचारलं तर म्हणते, मैत्रिणींकडे. मग सलवारीला कुसळं कशी चिकटतात? मैत्रीण काय माळावर राहते? आणि त्याच्या आदल्या दिवशी नागम्मा पाठ मोडेपर्यंत कडक भाकरी करते. ऐंशी भाकरी, कागदासारख्या पातळ, आणि डबाभर शेंगाचटणी. विचारलं तर म्हणते, दवाखान्याचं शिबिर हाय. रविवारी कसलं शिबिर आलंय? आणि शिबिरात माणसं कान दाखवायला येतात का भाकरी मोडायला? म्हणजे मायलेकी एक झाल्या होत्या. ईश्वरप्पांनी नागम्माला आडून, उभ्यानं, तिरकं, सगळीकडून विचारून बघितलं. शेवटी ती पोळपाटावरनं मान वर न करता कानडीत म्हणाली, “साक माड्री.” पुरे करा. चौतीस वर्षांत एवढं ठामपणे ती क्वचितच बोलली असेल. मग तर यांची खात्रीच पटली की पाणी मुरतंय.

जावं तर अट मोडते. न जावं तर पोरगी कुणाच्या नादाला लागलीय ते कळणार नाही. दोन रात्री ते कूस बदलत राहिले. शेवटी त्यांनी स्वतःला समजावलं की हे मागं जाणं नव्हेच, ही फक्त खात्री. माणसाला जे करायचंच असतं त्याला तो असं दुसरं नाव देतो, त्यात नवल नाही. रविवारी सकाळी त्यांनी नागम्माला सांगितलं की बार्शीला एकाच्या दहाव्याला जाऊन येतो. पांढरा धुवट सदरा घातला, कपाळाला विभूती लावली, स्टँडवर गेले आणि अक्कलकोटच्या गाडीत बसले. कुसळांवर चिकटलेली माती त्यांनी ओळखली होती. ती कुंभारीकडची होती. तिकीट काढलं आणि सवयीनं तळहातावर धरून बसले.

कुंभारीचा फाटा आला की ईश्वरप्पांची मान आपोआप दुसरीकडे वळायची. गेली अठरा वर्षं वळत होती. त्याचं कारण सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

त्या साली वळसंगच्या वळणावर त्यांनी एक गाडी धरली. कंडक्टर होता कुंभारीचा मल्लप्पा. तिकिटं त्रेपन्न, डोकी चोपन्न. म्हणजे एकाकडून पैसे घेऊन तिकीट दिलं नाही. मल्लप्पा म्हणाला, साहेब, परत मोजा. ईश्वरप्पा म्हणाले, मी दोनदा मोजत नसतो. मल्लप्पा निलंबित झाला. आठ महिने मल्लप्पानं लोकांच्या रानातल्या बाभळी तोडून घर चालवलं. त्यातच त्याची आई गेली, पोरगा चोर निघाला हे ऐकत गेली. शेवटी मल्लप्पा स्वतः गावोगाव हिंडला आणि त्यानं त्या गाडीतली एक बाई शोधून काढली. तिला मळमळत होतं म्हणून ती मागच्या बाकड्यावरून उठून ड्रायव्हरजवळच्या खिडकीशी गेली होती. ईश्वरप्पांनी तिला मागं एकदा मोजलं आणि पुढं एकदा. बाईनं जबाब दिला, मल्लप्पा कामावर परत आला. आणि ईश्वरप्पांनी कागदावर काय लिहिलं? मोजणी नियमाप्रमाणे केली होती. बास, एवढंच. त्यानंतर दोघं समोरासमोर आले की मल्लप्पा वाट बदलायचा आणि हे बुटाची नाडी बांधायला वाकायचे.

तर ईश्वरप्पा फाट्यावर उतरले आणि मातीच्या वाटेनं दोन वाजता त्या रानाजवळ पोचले. समोर कडुलिंबाची सात-आठ मोठी झाडं, झाडांमध्ये ताणलेली रंगीत कापडं, खाली शेणानं सारवल्यासारखी चोपलेली जमीन, कडेला पत्र्याची शेड आणि काट्याच्या कुंपणाला एक फाटक. वाटेपलीकडं एक बाभूळ होती. ती काय, जन्माची मैत्रीणच. ते तिच्यामागं उभे राहिले.

फाटकात महेश्वरी होती. हातात पंच. आलेल्याकडून कार्ड घेत होती, टिक टिक दोनदा वाजवत होती आणि परत देत होती. इतक्या वर्षांनी तो आवाज ऐकून ईश्वरप्पांच्या अंगावर काटा आला. एकाला तिनं पिशवी उघडायला लावली. त्यातून एक बाटली निघाली. तिनं त्याला हातानंच वाट दाखवली, आणि तो मान खाली घालून आल्या पावली परत गेला. ईश्वरप्पांना बरं वाटायला हवं होतं. पण त्यांच्या मनात आलं, आत याहून मोठं काहीतरी असणार, म्हणून तर बाहेरची बाटली चालत नाही. संशयी माणसाला पुरावा दोन्हीकडून सापडतो, बघा.

आत एक केसाळ पोरगा टेबलावर यंत्रं मांडून उभा होता. त्याचं नाव अनिमेष, बार्शीच्या एका मास्तरांचा मुलगा, सोलापुरात क्लासमध्ये गणित शिकवायचा. पण हे सगळं ईश्वरप्पांना नंतर कळलं. तेव्हा त्यांना नुसते केस दिसले. त्यानं गाणं लावलं. गाणं कसलं, त्यात शब्दच नव्हते. धप्, धप्, धप्, धप्, एकसारखं, आणि त्यावर मधूनच काहीतरी चमकून जायचं. चौथ्या गिअरला पडलेली गाडी सरळ रस्त्यानं चालावी तसं ते चालू झालं आणि थांबायचं नावच घेईना. त्याला ते लोक हाऊस म्युझिक म्हणतात. पोरं-पोरी, दोन-चार पन्नाशीच्या बाया, एक टक्कल पडलेले गृहस्थ, सगळे आपापल्या जागी डुलायला लागले. कुणी कुणाला धरत नव्हतं, ढकलत नव्हतं.

पण ईश्वरप्पांना खटकलं ते वेगळंच. आवाज! सोलापुरात डीजे म्हणजे काय हे कुणी सांगायला नको. मिरवणूक गल्लीत शिरली की मांडणीवरची भांडी खाली येतात, म्हातारी माणसं छाती धरून बसतात. आणि हितं? वाटेपलीकडं उभ्या माणसाला जेमतेम ऐकू येत होतं. एवढी माणसं जमवायची, एवढी यंत्रं आणायची आणि आवाज दाबून ठेवायचा? ज्याला लपवायचं असतं तोच आवाज दाबतो. ईश्वरप्पांनी मान हलवली आणि डोकी मोजायला घेतली.

मोजणीत त्यांचा हात कुणी धरला नसता. ते आले तेव्हा आत सहा जण कामाला होते, महेश्वरी धरून. पंच वाजला पासष्ट जणांसाठी, तो त्यांनी एकेक मोजला. सहा आणि पासष्ट, एकाहत्तर. मग साडेतीनच्या सुमाराला त्यांनी मागच्या झाडापासून पुढं मोजत आणलं. बहात्तर! परत मोजलं, कारण वळसंगपासून ते दोनदा मोजायला शिकले होते, फक्त कुणाला सांगत नव्हते. परत बहात्तर. एक माणूस फाटकातून न येता आत शिरला होता.

आणि तो त्यांना दिसलाही. पांढरी टोपी, चष्मा, साठी उलटलेला. या पोरांत त्याचं काय काम? त्याच्या हातात एक परडी होती. तो एकेकाजवळ जात होता आणि इवलीशी पुडी हातात ठेवत होता. पोरं पुडी फोडायची. आतून नारिंगी रंगाचं काहीतरी गोळीसारखं निघायचं. मग ती तोंड वळवायची, हात वर जायचा आणि परत नाचायला लागायची. एका पुडीला हात पुढं केला होता तो महेश्वरीनं.

बापाचं काळीज ते. अट, पुणं, सगळं डोक्यातून गेलं. त्यांनी खिशातून फोन काढला, पोलिसांचा एकशे बारा नंबर फिरवला आणि सगळं सांगितलं. कुंभारीजवळचं रान, बहात्तर माणसं, एक म्हातारा गोळ्या वाटतोय, लवकर या. पलीकडून सांगितलं की गाडी निघते. फोन खिशात ठेवताना त्यांना बरोबर पूर्वीसारखं वाटलं, गाडी धरल्यावर वाटायचं तसं.

तेवढ्यात तो म्हातारा परडी घेऊन शेडकडे चालत गेला, आणि ईश्वरप्पांनी त्याची चाल बघितली. पाय फाकवून, गुडघे जरासे वाकवून, जमीन केव्हाही हलेल अशा तयारीत. तीस वर्षं चालत्या गाडीत उभा राहिलेला माणूसच असा चालतो. मल्लप्पा! रान त्याचं होतं. झाडं त्याची होती. तो फाटकातून येईल कशाला, तो तर आधीपासून आपल्या शेडमध्ये होता.

अठरा वर्षांनी, त्याच माणसावर, त्याच चुकीनं! एक डोकं जास्त. ईश्वरप्पांनी परत फोन लावला, म्हणाले राहू द्या, चुकून झालं. पलीकडची बाई म्हणाली गाडी निघाली आहे, आता ते येऊन बघतील. फाट्यावर सोलापूरची गाडी येताना दिसत होती. वेळ होती. जाऊन बसलं असतं तर कुणालाच काही कळलं नसतं. ते चार पावलं फाट्याकडे गेलेसुद्धा. मग थांबले, आणि परत बाभळीमागं आले. त्यांना पुढं काय होतंय ते बघायचं होतं, एवढंच त्यांनी स्वतःला सांगितलं.

पोलिसांची गाडी आली. एक हवालदार आणि एक शिपाई. गाणं थांबलं. अनिमेषनं परवानगीचा कागद दाखवला, सहा वाजेपर्यंतची होती. महेश्वरीनं आवाज मोजायचं यंत्र दाखवलं. मग हवालदारानं परडीतली पुडी फोडली, आणि त्याच्या तळहातावर पडले नारिंगी फोमचे दोन बोळे. कानात घालायचे. यंत्राजवळ नाचणाऱ्यानं बोळे घातल्याशिवाय पुढं जायचं नाही, हा महेश्वरीचा नियम होता. मिरवणुकांमुळे कान गेलेली पोरं तिच्यासमोर रोज येऊन बसायची. हे सगळं ती हवालदाराला समजावून सांगत होती. पण हवालदारही ईश्वरप्पांच्याच जातकुळीतला निघाला. म्हणाला, असल्या बोळ्यातून काय काय येतं ते आम्हाला विचारा. पुड्या तपासायला जातील आणि म्हाताऱ्याला चौकीवर जबाब द्यायला यावं लागेल.

मल्लप्पा वाद घालायला गेला नाही. “धुतलेला सदरा घालून येतो,” एवढंच म्हणाला आणि शेडमध्ये गेला. परत आला तो सदऱ्याची बटणं लावत, वरचं बटणसुद्धा. वळसंगच्या वळणावरही त्यानं असंच केलं होतं. निलंबित म्हटल्यावर खाकीचं वरचं बटण लावलं होतं आणि मग गाडीतून खाली उतरला होता. आपण ते विसरलो असं ईश्वरप्पांना वाटत होतं.

आता बघा, माणूस अडकतो तो असा. गप्प राहिले तर पोरीला काही कळणार नाही आणि पोरगी राहील. बाहेर आले तर अट मोडली हे तिच्यासमोर, सगळ्यांसमोर कबूल. उद्या पुण्याला कागद जाणार. त्या दोन-तीन मिनिटांत ईश्वरप्पांना जेवढी भीती वाटली तेवढी उभ्या नोकरीत वाटली नव्हती. ते बाभळीमागून निघाले, वाट ओलांडली आणि फाटकात जाऊन उभे राहिले.

“हवालदारसाहेब, फोन मी केला. चुकीचा केला. लांबून बघितलं आन् गोळ्या समजलो. एक माणूस जास्त धरला मी, पण तो जास्त न्हवता. रानाचा मालक हाय तो.”

महेश्वरीकडे बघायची त्यांची छाती झाली नाही. हवालदारानं त्यांना झाडलं, चांगलं झाडलं, नाव-पत्ता लिहून घेतला. परत असा फोन आला तर तुम्हालाच आत घेईन म्हणाला. पुड्या परडीत टाकल्या आणि गाडी निघून गेली. मागं राहिले ईश्वरप्पा, आणि त्यांच्याकडे बघणारी बहात्तर माणसं.

ते मल्लप्पासमोर गेले. खाली बघत पुटपुटले, “ती मोजणी चुकली होती.”

मल्लप्पानं हात कानाला लावला. “काय म्हणता साहेब? कानाला कमी हाय माझ्या.”

ते जरा मोठ्यानं म्हणाले. मल्लप्पा म्हणाला, कुठली मोजणी? काय बी ऐकू येईना. ईश्वरप्पांच्या कपाळावरची विभूती घामानं ओघळायला लागली होती. त्यांनी डोळे मिटले आणि पलीकडच्या रानात जाईल एवढ्या आवाजात ओरडले, “वळसंगच्या वळणावर ती बाई मी दोनदा मोजली! तू चोर न्हवतास मल्लप्पा! चूक माझी होती, आन् मला ती त्याच महिन्यात कळली होती!”

लिंबावरचे पक्षी उडाले. मल्लप्पानं हात कानावरून खाली घेतला. मग म्हणाला, “आलं आता ऐकू. बसा, भाकरी खावा.”

गाणं परत सुरू झालं. ईश्वरप्पांना झाडाखाली सतरंजीवर बसवलं, पुढ्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी आली. पहिल्या तुकड्यालाच त्यांनी नागम्माचा हात ओळखला. कुणी त्यांना काही बोललं नाही, कुणी लांबही सरकलं नाही. ते टक्कल पडलेले गृहस्थ टॉवेलच्या कारखान्यात कारकून होते, त्यांनी पाण्याचा तांब्या पुढं केला. कुणीतरी सांगितलं की पंच मल्लप्पानं मंगळवार बाजारात भंगारवाल्याकडून उचललाय. सहा वाजता सगळे मिळून रान झाडतात, आणि प्रत्येक जण घरी पोचल्याचा निरोप आल्याशिवाय महेश्वरी फोन खाली ठेवत नाही.

अशात मागच्या बाजूनं एका पोरीनं हळूच विचारलं की चटणी उरलीय का. गाणं चालू, पोरगी दहा पावलांवर, आवाज चिमणीएवढा. मल्लप्पानं मागं न बघता डबा उचलला आणि तिच्याकडे सरकवला. ईश्वरप्पांचा घास हातातच राहिला. त्यांनी निरखून बघितलं. मल्लप्पाच्या कानामागं कातडीच्या रंगाचं यंत्र होतं, बारीक नळी कानात गेलेली. चालू होतं. नवंकोरं दिसत होतं, आणि बसवणारी आपलीच महेश्वरी असणार. म्हणजे पहिल्यांदा पुटपुटले तेव्हाच त्याला अक्षर न् अक्षर ऐकू आलं होतं.

त्यांनी मल्लप्पाच्या तोंडाकडे बघितलं. मल्लप्पा फार मन लावून रानाकडे बघत होता. ईश्वरप्पांनी मान वळवली आणि राहिलेली भाकरी खाल्ली.

घरी निघताना ते स्कूटीवर महेश्वरीच्या मागं बसले. हिचं पुण्याचं ठरलंच आता, असं त्यांना वाटत होतं, आणि पाठीमागं बसलेल्या माणसाचे डोळे भरले तर दिसत नाहीत तेवढंच बरं. सोलापूरचे दिवे दिसायला लागले तेव्हा तिनं गाडी कडेला घेतली.

“अप्पा, आज किती माणसं होती?”

“बहात्तर.”

“त्र्याहत्तर. बाभळीमागचं तुम्ही मोजलंच नाही.” ती हेल्मेट काढून त्यांच्याकडे वळली. “पांढरा सदरा घालून बाभळीमागं कोण उभं राहतं? अडीचपासून बघत होते मी. फोन कानाला लावलात तेही बघितलं.”

म्हणजे पोलिस आले तेव्हा तिला माहीत होतं. तिनं बोट दाखवलं नव्हतं. ईश्वरप्पांनी कसंबसं विचारलं की मग गप्प का राहिलीस.

“मल्लप्पाकाकांनी वळसंगचं मला कधीच सांगितलंय. तुम्ही बाहेर येता की बसला जाता, तेवढं मला बघायचं होतं. फाट्याकडे चार पावलं गेलात तेव्हा मी मनात पुण्याला हो म्हणून टाकलं होतं.”

तिनं पर्समधून एक कार्ड काढलं, पंच त्यावर दोनदा दाबला आणि त्यांच्या हातात ठेवलं. “पुढच्या महिन्यात बाभळीमागं नाही, फाटकात उभं राहायचं. मला डोकी मोजायला माणूस हवाय.”

पुढच्या महिन्यात, असं म्हणाली ती. ईश्वरप्पांनी ते शब्द मागून पुढं एकदा तपासले, पुढून मागं एकदा तपासले. मग कार्ड सदऱ्याच्या खिशात ठेवलं, आणि पुण्याचं काय ठरलं ते विचारलं नाही.